सिस्टरचे केसपेपर

नवं पुस्तक हातात आलं की सिस्टर आधी त्याचं वजन करीत. म्हणजे खरोखरीचं वजन. उपकेंद्रात तान्ह्या लेकरांसाठी जो काटा होता त्यात पुस्तक आडवं ठेवायचं, आकडा स्थिर होईपर्यंत थांबायचं आणि मग तो मोठ्यानं वाचायचा. "नऊशे ग्रॅम. दिवस भरायच्या आधीच काढलेलं दिसून राहिलं." मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा हसू दाबायला तोंडावर रुमाल धरावा लागला. मी नुकताच शिरड शहापूरहून बदलून आलेला मास्तर. डोंगरकडा गावापासून आत, केळीच्या बागा संपल्यावर लागणाऱ्या त्या गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर रुजू झालो होतो आणि मनातल्या मनात स्वतःला लेखक समजत होतो. नर्सबाईंनी पुस्तकाला हात लावण्याआधी तो साबणानं धुवावा, यापलीकडे माझी त्यांच्याकडून काही अपेक्षा नव्हती.

त्यांना नावानं हाक मारणारं गावात कुणी नव्हतं. म्हाताऱ्या सिस्टरबाई म्हणत, बाकी सगळे सिस्टर. वय पन्नाशीच्या पुढं, ठेंगणा बांधा, कडक इस्त्रीची साडी, आणि चष्मा कायम कपाळावर. त्यांचे वडील दुसऱ्याच्या रानात राबायचे. वाड्यावस्त्यांवर पुस्तक नावाची वस्तू नसण्याच्या काळात त्यांच्या वस्तीवरच्या विहारात एक लोखंडी कपाट होतं, आणि ते झाडून ठेवायचं काम या पोरीकडे होतं. "झाडता झाडता एकेक उघडून पाहिलं. मंग झाडायचंच राहिलं," असं त्या सांगत. पुढं नर्सिंग झालं, नोकरी लागली, लेकीचं लग्न होऊन ती हिंगोलीला गेली, नवरा वारला. पुस्तकं मात्र गेली नाहीत. उपकेंद्राच्या व्हरांड्यात लोहाच्या गोळ्यांच्या खोक्यांशेजारी दोन फळ्यांवर ती मांडलेली असत. ज्याला पाहिजे त्यानं न्यावं, वाचून आणून ठेवावं. नोंद नाही, वर्गणी नाही.

त्यांची खरी करामत होती ती केसपेपरची. नवे छापील केसपेपर आल्यावर जुने गठ्ठे नष्ट करा असं वरून पत्र आलं होतं. "कोरा कागद जाळायचा व्हय? हात झडतील," म्हणून सिस्टरनी ते ठेवून घेतले. नवे संपले की आम्हा पेशंटांनाही त्यातलेच मिळत. पुस्तक वाचून झालं की त्या एक जुना केसपेपर घेत. नावाच्या जागी पुस्तकाचं नाव, वयाच्या जागी पानांची संख्या, खाली तक्रार आणि उपचार. मग तो कागद घडी घालून त्याच पुस्तकात ठेवायचा. पुढच्या वाचणाऱ्याला आजार आधीच कळलेला बरा, हे त्यांचं म्हणणं.

एका जाडजूड ऐतिहासिक कादंबरीच्या कागदावर होतं: "वय ७१२. तलवारी फार, माणसं थोडी. राजे प्रत्येक पानावर गर्जतात. घसा बसला असेल. निम्मं वजन कमी केल्यास चालता येईल." यशस्वी कसं व्हावं हे शिकवणाऱ्या पुस्तकावर: "वय १८०. एकच गोष्ट सतरा वेळा सांगतो. विसराळूपणा. घरी आराम." एका रहस्यकथेवर: "खुनी कोण ते मला नवव्या पानावर कळलं, लेखकाला दोनशेव्या. नजर तपासावी." आणि कुठल्याशा पुढाऱ्याच्या आत्मचरित्रावर: "उभ्या आयुष्यात एकही चूक नाही. इतका निरोगी माणूस माझ्या नोकरीत पाहिला नाही. रिपोर्ट बदलले असावेत."

सगळंच असं तिरकस नसे हो. एका मजूर बाईनं लिहिलेल्या आठवणींच्या पुस्तकात नुसतं एवढंच होतं: "तपासताना मलाच दोनदा उठून तोंड धुवावं लागलं. सर्वांनी न्यावे." ते पुस्तक वर्षभर फळीवर टेकलं नाही. एरवी आमच्या गावकऱ्यांनी यातून आपली सोय बघितलीच होती. किराणावाला पुस्तक न्यायचा, केसपेपर वाचायचा आणि दुसऱ्या दिवशी पुस्तक परत. "आजार कळला, आता पेशंट कशाला सांभाळू?" असं वर मलाच विचारायचा.

पुस्तक अर्ध्यात सोडणं त्यांना मंजूर नव्हतं. एकदा मी कसल्याशा कादंबरीला कंटाळून ती परत ठेवली तर म्हणाल्या, "गुरुजी, आलेला पेशंट तपासल्याबिगर वापस लावायचा न्हाई. मेलेला का असंना, मेला असं तरी सांगावं लागतंय का न्हाई?" मी मुकाट्यानं ती कादंबरी घरी नेली. ती मेलेलीच निघाली.

लसीकरणाच्या दिवशी तर बघायलाच नको. लस टोचल्यावर लेकराला अर्धा तास तिथंच बसवून ठेवायचं असतं. आया कंटाळून उठायला लागत. सिस्टरनी त्यावर तोड काढली होती. त्या अर्ध्या तासात त्या पुस्तक वाचून दाखवत. पंधरा-वीस आया, तेवढीच किरकिरणारी लेकरं, आणि मधोमध प्लास्टिकच्या खुर्चीत सिस्टर. मधेच एखादी बाई विचारायची, "बाई, ही हिरोईन खिडकीतच बसून राहिली. हिला घरात काही काम न्हाई का?" सिस्टर पेन काढून तिथल्या तिथं लिहून घेत. शहरातल्या समीक्षकांना जे सुचत नाही ते आमच्या उपकेंद्रात डावा दंड चोळता चोळता सुचत असे.

आता माझ्यावर येतो. यायलाच पाहिजे, कारण पुढचं सगळं माझ्यामुळं झालं.

मला या गावात सातवं वर्ष लागलं, त्या पावसाळ्यात माझा कथासंग्रह छापून आला. शाळेत सत्कार झाला, शाल मिळाली, नारळ मिळाला. केंद्रप्रमुखांनी पुस्तक न उघडता त्यावर वीस मिनिटं भाषण केलं. नातेवाइकांच्या ग्रुपवर फुलांचे गुच्छ आणि हात जोडलेले पंजे यांचा पाऊस पडला. पण खरं सांगतो, मला ओढ होती ती एकाच कागदाची. सिस्टर काय लिहितात? प्रत त्यांच्या हातात दिली तेव्हा मी काट्याकडं चोरून बघत होतो. एकशे चाळीस ग्रॅम भरली. सिस्टरनी आकडा वाचला आणि प्रत पिशवीत टाकली. पुढच्या लसीकरणाला त्यांनी त्यातली एक कथा वाचून दाखवली, आणि मी मुद्दाम खिडकीबाहेर उभा राहिलो. आया गप्प होत्या. लेकरं मात्र एकजात सगळी झोपी गेली.

आठवड्यानं मी गोळीच्या निमित्तानं गेलो. तापाचे दिवस, व्हरांडा भरलेला. सिस्टरची पद्धत अशी, की तपासलेल्यांचे केसपेपर मधोमध दुमडून, त्यात गोळ्यांची पट्टी घालून टेबलावर ओळीनं ठेवायच्या आणि मग एकेकाला नावानं हाक मारून द्यायच्या. त्या पडद्यामागं कुणाला तरी इंजेक्शन द्यायला गेल्या होत्या. माझं पुस्तक फळीवर होतं, आणि त्यातून कागदाचं टोक डोकावत होतं. काढून वाचला.

"वय ९६. सुरुवातीला बरं. मधे अंगावर सूज फार, दाबून पाहिलं तर आत काही नाही. शेवटाकडे दम लागतो. प्राण नाही. आता औषधाचा उपयोग नाही. घरच्यांनी वाईट वाटून घेऊ नये."

अंगाचा तिळपापड झाला माझ्या! मुलखाच्या पुस्तकांना झोडलं तेव्हा मी मिटक्या मारत वाचलं होतं, ते सोयीस्कर विसरलो. हा कागद किराणावाला वाचणार, शाळेतले सहकारी वाचणार, परवा माझ्यापुढं नारळ घेऊन उभे असलेले सगळे वाचणार. मी वरची, पुस्तकाच्या नावाची पट्टी टरकन फाडून खिशात घातली. उरलेला कागदही घालणारच होतो, तेवढ्यात पडदा हलला. हाताशी जो दुमडलेला केसपेपर होता त्याच्या घडीत तो कोंबला. नंतर काढून घेऊ म्हटलं. सिस्टर आल्या त्या थेट नावं पुकारतच. पहिलंच नाव, गंगाराम आबा. आबांनी घडी घेतली, बंडीच्या खिशात घातली आणि काठी टेकत चालायला लागले. मी बघत राहिलो.

गंगाराम आबा म्हणजे गावातलं मेंढरांचं सगळ्यांत मोठं खांड बाळगणारा म्हातारा. दोन पोरं, एक लेक दिलेली वारंगा फाट्याला. आबा आपलं वय कधी ऐंशी सांगत, कधी शंभराला चार कमी. त्यांना साधा ताप होता. घरी नात होती, नववीतली सारिका. गोळ्या कधी घ्यायच्या ते बघायला तिनं घडी उघडली, बाहेरच्या कागदावर आबांचं नाव होतं म्हणून आतलाही त्यांचाच धरला, आणि तो खड्या आवाजात, विरामचिन्हांसकट वाचून दाखवला. वाचन स्पष्ट हवं, हे तिला तिसरीत मीच घोटून घेतलं होतं.

मग काय विचारता! वय ९६ हे जुळलं. अंगावर सूज, हेही कुणाला तरी दिसायला लागली. दम तर आबांना चालून आल्यामुळं लागलेलाच होता. घरात रडारड सुरू झाली. वारंग्याहून लेक-जावई जीप करून आले. आबा मात्र शांत. पाठीला भिंत घेऊन बसले, चार माणसांना बोलावलं आणि पूर्ण शुद्धीत आपलं खांड वाटून टाकलं. इतकी थोरल्याला, इतकी धाकट्याला, शेळ्या लेकीला. आवडता एडका सारिकाला. सगळ्यांनी पाया पडून घेतलं. आणि मधल्या वेळात कुणीतरी गोळ्याही देत होतं, त्यामुळं दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आबांचा ताप साफ उतरला. त्यांनी भाकरी मागितली. भाकरी खाऊन झाल्यावर मेंढरं मागितली.

लेकीनं शेळ्या त्याच दिवशी परत बांधल्या. थोरला म्हणाला, "आबा, चौघांत दिलेला शब्द हाय. मागं कसा घेता?" धाकटा तर आपली मेंढरं घेऊन विदर्भाच्या अंगाला चारायला निघूनही गेला होता. सिस्टर धावत घरी आल्या, आबांची नाडी बघितली, म्हणाल्या, "आबा, तुमाला कायबी झालेलं न्हाई."

"मंग ह्या कागदात काय हाय?" आबा कडाडले. "अक्षर तुमचं हाय का न्हाई? जित्या माणसाचा प्राण काढून ठिवला, अन् आता म्हणता कायबी न्हाई!"

सिस्टरनी कागद हातात घेतला. वरची फाटलेली कड बघितली. मी गर्दीत मागं उभा होतो. त्यांनी मान वर केली नाही. "चूक झाली आबा. माझीच," एवढंच म्हणाल्या.

आबा निवळले असते. पण थोरल्याला हे सोयीचं होतं. वाटणीचा विषय निघू नये म्हणून त्यानं तक्रारीचा विषय काढला. अर्ज तालुक्याला गेला आणि तिथले साहेब चौकशीला आले. उपकेंद्राच्या व्हरांड्यात टेबल मांडलं. जबाब लिहून घ्यायला कुणी चांगल्या अक्षराचं पाहिजे म्हणताच सगळ्या गावानं एका सुरात माझं नाव घेतलं.

साहेब माणूस वाईट नव्हता. त्यांनी फळीवरच्या पुस्तकांतले पाच-सहा कागद वाचले, पुढाऱ्याच्या आत्मचरित्रापाशी त्यांना ठसकाही लागला. मग म्हणाले, "बाई, तुमचे तीन महिने राहिलेत. तेहतीस वर्षांत एक ठपका नाही. हा कागद पुस्तकाचा आहे हे मला दिसतंय. कुठल्या पुस्तकाचा तेवढं सांगा, ते पुस्तक दाखवा, पानं मोजू. शहाण्णव भरली की कुणीतरी मधे घोळ घातला हे उघड होईल. विषय संपला."

आता सिस्टरचं काय पणाला लागलं होतं ते सांगतो. त्यांना या नोकरीत ना बढती मिळाली, ना बक्षीस. पुरात, साथीत, लॉकडाउनात त्या या दारात उभ्या राहिल्या आणि त्यांच्याजवळ दाखवायला एकच गोष्ट होती: आपलं सेवापुस्तक स्वच्छ आहे. हे त्या लेकीच्या सासरी अभिमानानं सांगत. माझं पुस्तक मागं फळीवर, साहेबांच्या हाताच्या अंतरावर होतं.

"नाव न्हाई सांगत साहेब," सिस्टर म्हणाल्या.

"अहो, काहून?" साहेबांचंही गावाकडचं मराठी बाहेर पडलं.

"कागद पुस्तकात ठेवला तो वाचणाराला कळावं म्हणून. आता चारचौघांत नाव घेतलं तर त्या लिवणाऱ्याला जलमभर लोक म्हणतील, याच्या पुस्तकानं आबाला मारलं. लिवणारा रोज लोकांसमोर उभा राहतो. पेशंटचं दुखणं असं वेशीवर टांगायचं नसतंय."

माझ्या हातातलं पेन थांबलं. खिशात हात घातला असता तर विषय तिथंच मिटला असता. ती फाटकी पट्टी माझ्या पाकिटात होती. का ठेवली होती देव जाणे. सिस्टरनी माझ्याकडं बघितलं आणि नेहमीच्याच आवाजात म्हणाल्या, "लिवा ना गुरुजी. थांबलात काहून? लिवा, नाव सांगू इच्छित नाही."

आणि मी लिहिलं. सुवाच्य अक्षरात, ओळ सरळ ठेवून लिहिलं.

डिसेंबरअखेर त्या निवृत्त झाल्या. निरोप समारंभात मी भाषण केलं, चांगलं झालं म्हणतात. दुसऱ्या दिवशी दुपारी पुस्तकं बांधायला मदत करतो म्हणून गेलो. खोलीत खोकी, दोऱ्या, वर्तमानपत्रं. मी एक खोकं पुढं ओढलं. "सिस्टर, तो कागद..."

"ठाऊक हाय," त्या गाठ मारता मारता म्हणाल्या. "फळीजवळ तुमीच तर उभे होता. बसा." मग पिशवीतून आपल्या सेवापुस्तकाची प्रत काढून माझ्या हातात ठेवली. "वाचा. पहिल्या पानापासून. अन् कसं वाटलं ते सांगा."

मी वाचलं. किती गावं, किती बदल्या, कुठं रजा, कुठं साथीचं काम. तेहतीस वर्षं तीस-चाळीस पानांत बसली होती. आणि शेवटच्या नोंदीत वरून आलेल्या दोन ओळी: "कर्तव्यात हयगय केली. माहीत असूनही सत्य दडवले."

"थोडक्यात लिवलंय, ते मला आवडलं," सिस्टर म्हणाल्या. "पण तुमी सांगा."

मी म्हणालो, "सिस्टर, शेवट चुकलाय."

"शेवट चुकला तर लिवणाऱ्याला सांगावं लागतंय गुरुजी. मला सांगून काय फायदा?" त्या हसल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. चारच्या गाडीनं त्या लेकीकडं हिंगोलीला गेल्या.

मी तालुक्याला गेलो. पट्टी आणि माझं पुस्तक दोन्ही साहेबांच्या टेबलावर ठेवलं. त्यांनी पट्टी पुस्तकाच्या नावाशी लावून बघितली. म्हणाले, "मास्तर, जबाब तुम्हीच लिहिला होता ना? तेव्हा बोलला असता तर एका मिनिटाचं काम होतं. आता त्या निवृत्त झाल्या, कागदपत्रं पुढं गेली. आता ते पुस्तक उघडत नाही."

मग सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झाल्यावर, सगळं गाव शाळेच्या पटांगणात असताना, मी माइक घेतला आणि झालं ते सगळं सांगितलं. पुस्तक माझं, पट्टी मी फाडली, कागद मी कोंबला. मग पहिल्या रांगेतून गंगाराम आबा म्हणाले, "म्हंजे मी ह्या गुरुजीच्या पुस्तकापायी मरून राहिलो होतो?" आणि जे गाव हसलं! किराणावाल्याला खाली बसावं लागलं. पोरांनी मला पाहिलं की "दम लागतो, दम लागतो" सुरू केलं.

हे असं दोन दिवस चाललं. तिसऱ्या दिवशी गावात हळदीची काढणी सुरू झाली, जो तो रानात गेला, आणि कुणाला माझ्यावर हसायला सवड उरली नाही. आता कुणाला तो विषय आठवतही नाही. आबांनी तर परवा मला घरी बोलावून चहा पाजला. ज्या हसण्याला भिऊन मी त्या टेबलाशी मुकाट्यानं लिहीत बसलो, ते एवढंच होतं, दोन दिवसांचं. सिस्टरच्या पुस्तकातल्या दोन ओळी मात्र पक्क्या शाईच्या आहेत.